अकरा मिलिमीटरचा दोर: झाडछाटणीच्या धंद्यात चौदा महिने वापरल्यावर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही झाडावर चढायचा नवा संच घेतला. ११ मिलिमीटर जाडीचा ५० मीटर स्टॅटिक, म्हणजे ओझ्यानं फारसा न ताणणारा दोर, एक हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), सहा लॉकवाले कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), दोन लहान पुल्या, प्रुसिकच्या गाठीसाठी (ती काय ते पुढे सांगते) ८ मिलिमीटरची दोरी आणि एक हेल्मेट. सगळं मिळून ३४ हजारांच्या आसपास गेलं. दुकान पुण्यातलंच, डोंगर चढणाऱ्या मुलांना सामान विकणारं. नाव देत नाही, कारण एका बाबतीत माझी तक्रार आहे आणि ती मी त्यांच्या तोंडावर सांगून मोकळी झाले आहे. हे लिहिते आहे ते आमच्यासारख्या छाटणीवाल्यांसाठी, आणि छाटणीवाल्याला बोलावणाऱ्या सोसायटीच्या मंडळींसाठीही.

आमचा धंदा सोळा वर्षांचा. पूर्वी आमचे हे स्वतः चढायचे. फोन, हिशोब, जागा बघून दर सांगणं आणि परवानगीचे अर्ज ही कामं माझ्याकडे. सहा वर्षांपूर्वी जुलैत हे एका गुलमोहरावरून पडले. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, ओझं झालं की फांदी कडकन जाते, आधी कुरकुरतसुद्धा नाही. कमरेला दोर होता, पण एका फांदीवरून दुसरीवर जाताना तो सोडावाच लागायचा, आणि नेमका सोडलेला असतानाच पाय घसरला. अठरा फुटांवरून दोन्ही पायांवर आले. दोन्ही टाचांची हाडं फुटली. आठ महिने घरात. डॉक्टरांनी चालता येईल म्हणून सांगितलं आणि चालता आलंही, पण झाड सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून हे खाली दोर धरतात आणि वर माझा भाचा चढतो. सोबत खाली दोन गडी आणि पाला उचलायला टेम्पोवाला.

त्या दिवशी ह्यांच्या कमरेला जो दोर होता तो बोहरी आळीतून किलोवर आणलेला निळा प्लॅस्टिकचा दोर. आजही छाटणीवाल्यांच्या दहातल्या बहुतेक टेम्पोंत तोच दिसेल. स्वस्त, हलका, पाण्यात कुजत नाही. पण तो घर्षणानं तापला की वितळतो, उन्हात वर्षभर राहिला की त्याचे तंतू भुरभुर गळायला लागतात, आणि गाठ धरून ठेवेल की सरकेल हे त्याच्या मनावर असतं. त्यानं ओंडके बांधा, पाला आवळा, माणूस बांधू नका.

दोर बदलायचं भाच्याच्या डोक्यातून आलं. कॉलेजात असताना तो लोणावळ्याजवळच्या नागफणीवरून दोरानं उतरलेला. माझ्यासमोर स्वयंपाकघरात त्यानं खिडकीच्या गजाला दोरी बांधली, तिच्यावर बारीक दोरीचे तीन वेढे घेतले आणि म्हणाला, "मामी, ओढा." मी ओढलं. गाठ जागची हलेना. मग त्यानं गाठ मुठीत धरून वर सरकवली तर लोण्यासारखी गेली. ओझं आलं की आवळते, ओझं काढलं की सरकते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियातल्या गिर्यारोहकानं १९३१ साली ही गाठ लोकांपुढे आणली. मला तेव्हा एवढंच कळलं की हिच्यामुळे एका जागेवरून दुसरीकडे जाताना माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. त्या क्षणाची किंमत आमच्या घराला माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. हा संच मी माणूस पडू नये म्हणून घेतला होता. तेवढं काम तो करतो. पण चौदा महिन्यांत मला जे दिसलं ते वेगळंच आहे. छाटणीच बदलली.

झाडावर दोराशिवाय उभा असलेला माणूस काप कुठे घ्यायचा हे झाडाकडे बघून ठरवत नाही. पायाखाली भक्कम कुठे आहे त्यावरून ठरवतो. तो खोडापासून लांब जातच नाही. एका हातानं खोडाला मिठी, दुसऱ्या हातात कोयता नाहीतर साखळीच्या करवतीचं मशीन, आणि हाताला येईल ती जाड फांदी बुडातून खलास. त्यामुळे झाड बोडकं होतं. रस्त्यावर जी हात तोडल्यासारखी उभी झाडं दिसतात त्यांच्याबद्दल लोक म्हणतात, काय निर्दय माणसं आहेत. मी सोळा वर्षं या माणसांसोबत आहे. निर्दय नाहीत, घाबरलेली असतात. त्या खुंटांवर पुढे दाट फुटवे येतात, ते नुसते सालीलगत चिकटलेले असतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जड होऊन तेच खाली येतात. मग पुन्हा आम्हाला फोन.

दोरावर बसलेला माणूस फांदीच्या टोकाकडे जातो. वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घेतलेला असतो, त्यामुळे त्याचं वजन फांदीवर नसतं, दोरावर असतं. तो मनगटाएवढी फांदी काढतो आणि मांडीएवढी ठेवतो. सहकारनगरमधल्या एका बंगल्यात मोठा पर्जन्यवृक्ष आहे, त्याच्या चार फांद्या गच्चीवर आल्या होत्या. आधीच्या वेळी मला वाटलं असतं की चारही बुडातून काढाव्या लागतील. भाच्यानं टोकं हलकी केली, एकच फांदी काढली, आणि टेम्पो अर्धाच भरला. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढंच? पैसे पूर्ण घेणार?" मी म्हटलं, "काकू, पैसे पाल्याचे नाहीत, कापायचं काय आणि ठेवायचं काय ते कळण्याचे आहेत." त्यांना ते पटायला पावसाळा जावा लागला.

ती जी एक फांदी काढली तिचा काप मी यंदा मे महिन्यात शिडीवरून जवळून पाहिला. फांदी खोडाला मिळते तिथे कातडीला घडी पडावी तशी एक फुगीर वळी असते. आम्ही तिला फांदीची मान म्हणतो. काप त्या वळीच्या जरा बाहेर घ्यायचा. वळीत घुसलात तर खोडालाच जखम, आणि लांब खुंट ठेवलात तर तो कुजत कुजत आत जातो. शिवाय जड फांदी एका कापात पाडायची नसते, नाहीतर ती जाताना खालची साल खोडावरून हातभर सोलून नेते. आधी खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप, मग चार-सहा बोटं पुढे वरून, ओझं खाली गेलं की मग मानेपाशी शेवटचा. हे तीन काप घ्यायला माणसाचे दोन्ही हात मोकळे लागतात. मिठी मारून बसलेल्याला एकच घेता येतो. तर त्या पर्जन्यवृक्षावर जेवायच्या ताटलीएवढा काप होता आणि त्याच्या भोवती बोटभर रुंदीचं नव्या सालीचं कडं आलं होतं, गोल, गुळगुळीत, फिकट. पाणी कुठेही झिरपलेलं नाही. मी त्याच्यावर हात फिरवून बघितला. ह्यांना घरी येऊन सांगितलं तर दुसऱ्या दिवशी हेही शिडी चढून बघून आले, दुखऱ्या टाचांनी.

दोराची स्वतःची गुणवत्ता सांगते. ५० मीटरचं वजन चार किलोच्या आसपास, पाठीवरच्या पिशवीत सहज मावतो. त्यावरच्या युरोपीय मानकाप्रमाणे तो किमान २२ किलोन्यूटन ओढ सहन करतो, म्हणजे साधारण सव्वादोन टन. ऐकून आमच्या गड्याला वाटलं, मग ह्यानेच ओंडके पण उतरवू. नाही. गाठ मारली की दोराची ताकद बऱ्यापैकी कमी होते. शिवाय एक फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओला ओंडका दोनशे किलोच्या घरात असतो आणि तो हातभर जरी खाली पडून दोरावर अडकला तरी बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. असे झटके खाल्लेल्या दोरावर दुसऱ्या दिवशी माणूस टांगायचा नाही. उतरवायचा दोर वेगळा, आमचा १६ मिलिमीटरचा पॉलिस्टरचा आहे. तो जाड, मऊ आणि कळकट. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून चढायच्या दोराची टोकं मी लाल रंगवली आहेत.

कोथरूडच्या एका सोसायटीत या दोन दोरांचं काम एकत्र पाहिलं आणि माझे पैसे वसूल झाले असं वाटलं. झाडाखाली पत्र्याची शेड, शेडवर सौर बंबांच्या काचेच्या नळ्यांच्या चार रांगा. तिथून वाळलेली मोठी फांदी काढायची होती. भाचा वर, हे खाली. ह्यांनी बुंध्याला जाड दोराचे तीन वळसे घेतले. एक वळसा असता तर ओंडक्यानं माणसाला ओढत नेलं असतं, तीन वळशांवर तोच ओंडका हातमोजे घातलेल्या दोन हातांत राहतो आणि इंच इंच सोडता येतो. मशीनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत म्हणून आम्ही शिट्ट्या ठरवल्या आहेत, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. पाच-पाच फुटांचे सात तुकडे. प्रत्येक तुकडा सुटला की आधी जरा झुकायचा, दोर बुंध्यावर करकरायचा, मग तुकडा नळ्यांच्या वर हातभर अंतरावर येऊन थांबायचा, आणि गडी काठीनं त्याला बाजूला ओढून घ्यायचा. एकही नळी फुटली नाही. सोसायटीचे चेअरमन पूर्ण वेळ खाली खुर्ची टाकून बसले होते, शेवटच्या तुकड्यानंतर उठून त्यांनी ह्यांच्याशी हात मिळवला.

आता त्रासाचं.

पहिले दोन महिने दोर फार ताठ. नवीन दोराला गाठ नीट बसत नव्हती. दोनदा कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळवल्यावर नरम पडला. घाईनं खाली उतरलं की प्रुसिकची दोरी तापते आणि मोठ्या दोराची साल, म्हणजे वरचं विणलेलं आवरण, चकचकीत, काचेसारखी होते. तिथे पुढच्या वेळी गाठ सरकते. म्हणून सावकाश उतरायचं, आणि प्रुसिकची दोरी स्वस्त असते, ती दर चार-पाच महिन्यांनी बदलायचीच.

वेळ जास्त जातो, हे लपवत नाही. पूर्वी दिवसाला तीन झाडं व्हायची, पहिल्या हंगामात दोनच झाली. आधी बारीक सुतळीला वजन बांधून ती बेचक्यातून फेकायची, मग तिच्या मागून दोर वर ओढायचा. फेकायची खास पिशवी दुकानात नव्हती, म्हणून मी जुन्या जीन्सचं कापड दुहेरी शिवून पाव किलोहून जरा जास्त वाळू भरून चार पिशव्या केल्या. त्यातल्या दोन मॉडेल कॉलनीतल्या एका चिंचेत अडकून राहिल्या आहेत. आता भाच्याचा हात बसला आहे, तिसऱ्या-चौथ्या फेकीला जागा मिळते. पण त्या पहिल्या हंगामात चढणाऱ्याची दोन हजार, खालच्यांची आठ-आठशे मजुरी रोजची तेवढीच आणि कामं कमी, असे तीन महिने काढले. दर वाढवला तर गिऱ्हाईक म्हणतं, शेजारच्या सोसायटीत तीन हजारांत झालं, तुम्ही साडेपाच कसे सांगता. काही कामं गेली. ज्यांनी तीन हजारांत करून घेतलं त्यांच्यातल्या एका ठिकाणी गाडीची काच गेली म्हणून मलाच फोन आला, तोपर्यंत जून उजाडला होता.

हार्नेसबद्दलची माझी तक्रार ही. दुकानदारानं आम्हाला दिलं ते कड्यावर चढायचं हार्नेस. मी स्पष्ट सांगितलं होतं की झाडावर बसून तास-दोन तास काम करायचं आहे. कडा चढणारा हार्नेसमध्ये बसून राहत नाही, झाडवाला राहतो. चाळीस मिनिटांत भाच्याच्या मांड्यांना मुंग्या यायच्या. एकदा तो खाली आला तेव्हा त्याला धड उभं राहता येईना. झाडासाठी वेगळं हार्नेस असतं, कंबर रुंद, मांड्यांखाली जाड पट्टे, आणि पुढे एक आडवी दोरी, जिच्यावर कडी डावी-उजवी सरकते, त्यामुळे बाजूला वळता येतं. ते मागवावं लागलं, १९ हजार रुपये आणखी. दुकानदारानं पहिलं परत घेतलं नाही. वापरलेलं सुरक्षेचं सामान परत घेऊ नये हे बरोबरच आहे, माझा राग त्यावर नाही. विकताना विचारायचं होतं, किंवा माहीत नाही म्हणून सांगायचं होतं. बाकी दोराच्या बाबतीत त्याच दुकानातल्या मुलानं तासभर बसून गाठी शिकवल्या, पैसे न घेता, तेही सांगायला हवं.

एक गोष्ट कुठल्याही दोरानं सुटत नाही. चालत्या मशीनच्या साखळीला दोर म्हणजे शेवई. काप घेताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, एक वरचा दोर आणि दुसरी खोडाभोवतीची, आत तारेचा गाभा असलेली आखूड दोरी. ती आम्ही चौथ्या महिन्यात घेतली. पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. विजेच्या तारांचंही तसंच. ओला दोर, ओली फांदी, सगळ्यातून वीज येते. लाईन बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय आमचा माणूस झाडाला हात लावत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. आणि चढण्याआधी दुर्बीण. आग्या मोहोळ असलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. घरटी दिसली, त्यात पिलं असली, तर आम्ही तारीख पुढे ढकलतो. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षांवर बगळ्यांची वसाहत असते, तेव्हा हे वारंवार होतं.

निगा. दर रविवारी रात्री जेवणं झाली की हे चटईवर बसतात आणि पन्नासच्या पन्नास मीटर दोर बोटांतून काढतात. डोळ्यांनी नाही, बोटांनी. वरची विणलेली साल चांगली दिसते पण आतला गाभा तुटलेला असू शकतो. तिथे दोर चपटा लागतो किंवा एकदम मऊ, कधी गाठीसारखा टणक. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. टीव्ही बंद. वडा-पिंपळाचा चीक लागला असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण, वाळवायचं सावलीत, कारण ऊन नायलॉनला खातं. ओल्या नायलॉनची ताकदही कमी असते, म्हणून पाऊस लागला की काम थांबतं. टेम्पोच्या बॅटरीजवळ दोर कधीच ठेवायचा नाही. बॅटरीच्या ॲसिडची वाफसुद्धा नायलॉनला लागू नये आणि झालेलं नुकसान वरून दिसत नाही. आमचा दोर वेगळ्या कापडी पिशवीत, पेट्रोलच्या कॅनपासून लांब, माझ्या सीटमागे असतो.

सोसायटीवाल्यांसाठी दोन शब्द. मेच्या शेवटी वळीव झाला आणि फांदी डोलताना दिसली की सगळ्यांना आमची आठवण येते. त्या पंधरा दिवसांत दिवसाला चाळीस-चाळीस फोन येतात, आणि प्रत्येकाला उद्याच हवं असतं. परवानगी मात्र उद्या मिळत नसते. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे, जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. त्यामुळे अर्ज, पाहणी, शेरा या सगळ्याला वेळ द्या, जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज करा. परवानगीशिवाय आम्ही कोयता काढत नाही. आणि छाटणीवाला आला की त्याला आधी एकच विचारा, वर चढल्यावर तुमचा माणूस कशाला बांधलेला असतो. निळा प्लॅस्टिकचा दोर दाखवला तर भाव कितीही कमी असो, त्याला चढू देऊ नका. पडला तर तुमच्या आवारात पडेल, आणि त्याच्या घरी आमच्यासारखेच आठ महिने जातील.

गुण द्यायचे तर दोराला पाचपैकी साडेचार, पहिल्या हार्नेसला दोन, दुसऱ्याला पाच. कॅराबिनरला चार, कारण एकाचं लॉक लाकडाच्या भुशानं अडकायला लागलं आहे, दर आठवड्याला ब्रशनं साफ करून सुक्या वंगणाचा फवारा मारावा लागतो. एकटा-दुकटा माणूस नारळ-सुपारी काढणारा असेल तर एवढा खर्च करू नये, त्याला चढायच्या शिकंज्यासोबत साधं कमरेचं बेल्ट पुरेल. ज्याचं काम मोठ्या, पसरलेल्या झाडांवर आहे त्यानं कर्ज काढून घ्यावा, पण शिकवणाऱ्या माणसासकट. गाठी मोबाईलवर बघून शिकू नयेत. आमच्या भाच्यानं पहिले पंधरा दिवस घरामागच्या आंब्यावर जमिनीपासून चार फुटांवरच सराव केला, आणि हे खाली उभे राहून प्रत्येक गाठ ओढून बघत होते.

गेल्या महिन्यात रविवारी दोर बोटांतून काढताना एका टोकापासून पाच मीटरवर ह्यांचा हात थांबला. साल शाबूत, आत चपटं. कुठल्या तरी फांदीच्या धारेवर दबला असावा. सहा मीटर कापून टाकले. ५० चा ४४ झाला. तो तुकडा आता टेम्पोत पाला आवळायला वापरतो, त्याचं लाल टोक मी आधी काळं केलं, म्हणजे चुकूनही कुणी तो कमरेला लावणार नाही. दुसरा ६० मीटरचा सांगून ठेवला आहे, दिवाळीपर्यंत येईल.